भिंतीतली बारा भोकं

हेडमास्तरांच्या घरून रविवारच्या जेवणाचं बोलावणं आलं की सिस्टर समजून जात, काहीतरी शिजतंय आणि ते स्वयंपाकघरात नाही. गेल्या खेपेला असं बोलावणं आलं तेव्हा आईच्या शिवणयंत्राचं काय करायचं ते ठरलं होतं. त्याआधी एकदा, धाकट्याने चर्चच्या पंचांच्या निवडणुकीत उभं राहू नये, हे ठरलं होतं. जेवण नेहमी चांगलं असे आणि निर्णय नेहमी आधीच झालेला असे.

या खेपेला चार वाजता चर्चच्या मंडळीची सभा होती. म्हणजे निर्णयाला तीन तास होते आणि जेवायला चार माणसं होती, पाचव्या वहिनी वाढायला.

सिस्टर खुर्चीत टेकल्या आणि सवयीने एकेकाचा चेहरा बघू लागल्या. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली होती. भावंडांत मधल्या असल्या तरी घरादाराने आणि गल्लीने त्यांचं सिस्टर हेच नाव पक्कं केलं होतं. टेबलाच्या टोकाला हेडमास्तर, त्यांचे थोरले बंधू: रंग बरा, श्वास जरा भराभर, कोटाचं वरचं बटण अजून लावलेलं. दाराजवळच्या खुर्चीत धाकटा, बापाचीच थापी पुढे चालवणारा गवंडी: नजर ताटात, हात मांडीवर. हा आजारी नव्हता, पण बराही नव्हता. त्याच्या शेजारी त्याची मुलगी. पालिकेच्या पाणी खात्यात इंजिनीअर. वाकडं दिसलं की तोंडावर सांगायची खोड लहानपणापासूनची, म्हणून घरात तिला गवंड्याच्या भिंत तपासायच्या दोरीवरून ओळंबा म्हणत. तिने नकाशाची गुंडाळी भिंतीला टेकवून ठेवली होती आणि हेडमास्तर त्या गुंडाळीकडे बिनबोलावलेल्या पाहुण्याकडे बघावं तसे बघत होते.

हेडमास्तरांनी प्रार्थना केली. त्यांची जेवणाआधीची प्रार्थना शाळेतल्या हजेरीसारखी असे, कोणाचंही नाव सुटत नसे. आजारी, प्रवासी, परीक्षेला बसलेले, पाळकसाहेबांचा गुडघा. मग नेहमीप्रमाणे, "आणि हे प्रभू, आमच्या चर्चच्या विहिरीला पुन्हा पाणी दे." सात वर्षं ती विहीर कोरडी होती आणि सात वर्षं हे वाक्य ठरलेल्या जागी येत होतं. वहिनींनी 'आमेन' म्हणता म्हणता झाकण उघडलं.

"हं," हेडमास्तर म्हणाले, "तुझी योजना मी वाचली. भाषा चांगली आहे."

"आणि योजना?" ओळंबाने विचारलं.

"चर्चचं आवार म्हणजे गल्लीचं गटार नव्हे."

"गटाराचं पाणी नाहीये काका, पावसाचं आहे. वरून सगळा उतार आपल्या भिंतीकडे आहे. पाणी येतं, भिंतीला अडतं आणि मागे फिरून घरांत शिरतं. आवारातल्या फरश्या काढल्या, जमीन मोकळी केली, झाडं लावली आणि भिंत चाळीस फूट उघडली, तर तेच पाणी आवारात मुरेल. शहरात जिकडेतिकडे जमीन झाकून ठेवली आहे आपण. पाण्याने जायचं कुठे?"

"चाळीस फूट भिंत!" हेडमास्तरांनी घास खाली ठेवला. "तुझ्या आजोबांनी एकेक दगड हाताने घडवलाय."

"माहीत आहे. मलाही पाडायची हौस नाही."

"मग?"

"मग दुसरी योजना तयार आहेच. रुंद काँक्रीटचा नाला, गल्लीच्या मधोमध. सात घरं जातात. पहिलं लाँड्रीवाल्या मावशींचं. नोटिसा छापून झाल्यात, वाटायच्या बाकी आहेत. उद्या दुपारपर्यंत मंडळीने जागा देतो असं पत्र दिलं तर थांबतील."

वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, "त्या बाईचं जाईल तर जाऊ दे की. गटारात साबणाचा गाळ सोडते म्हणून तर सगळं तुंबतं. ह्यांनी रीतसर तक्रार केली आहे ना पालिकेत."

"ती तक्रारच फाइलच्या पहिल्या पानावर आहे, काकू," ओळंबा म्हणाली. "म्हणून पहिलं घर तिचं."

हेडमास्तरांनी पाण्याचा पेला उचलला, प्याले नाहीत, तसाच ठेवला. सिस्टरांनी ते टिपलं.

"पण मला एक गणित सुटत नाहीये," ओळंबा पुढे म्हणाली. "मी गटार उघडून बघितलं. साबणाचा गाळ आहे, बोटभर. बोटभर गाळाने गुडघाभर पाणी तुंबत नाही. आणि मावशी म्हणतात, नऊ वर्षांपूर्वीपर्यंत त्यांच्या उंबऱ्याला कधी पाणी लागलं नव्हतं. समोरचे सुतारकाका तेच म्हणतात. भिंत तर तेव्हाही होती. मग तेव्हा पाणी जायचं कुठे?"

वहिनी भांडं घेऊन आत गेल्या, त्यात अजून अर्धं शिल्लक असताना.

पाणी कुठे जायचं हे त्या टेबलावर तिघांना ठाऊक होतं. बाबांनी भिंत बांधली तेव्हा पायाशी, गल्लीच्या बाजूने, बारा भोकं ठेवली होती. विटेएवढी एकेक, आरपार. बाबा म्हणत, शेजाऱ्याला भिंत दिसली तर हरकत नाही, पण त्याचं पाणी अडता कामा नये. पाऊस पडला की गल्लीचं पाणी बारा तोंडांनी आवारात येई, मातीत मुरे आणि विहीर वर चढे. भोकं बारा म्हणून ही तिघं भावंडं त्यांना शिष्य म्हणत. प्रत्येकाला एकेका शिष्याचं नाव होतं. फाटकाजवळचं शेवटचं भोक पाचोळ्याने सारखं तुंबायचं. ते गुरूला दगा देणाऱ्या शिष्याच्या नावाचं होतं, हे सांगायला नको.

बाबा गेले, आणि नऊ वर्षांपूर्वी चर्चचा सुवर्णमहोत्सव आला. हेडमास्तर तेव्हा नुकतेच पंचांचे अध्यक्ष झाले होते. आवारात फरशी घालायची, भिंतीला गुळगुळीत गिलावा करायचा आणि फाटकाशी बाबांच्या नावाची छातीभर उंच शिळा उभी करायची, असं ठरलं. भोकांतून उंदीर येत, पाचोळा येई, लाँड्रीच्या साबणाचा फेस येई. नव्या फरशीवर ते शोभलं नसतं. गल्लीत पालिकेचं गटारही झालं होतं. 'बुजवून टाक,' हेडमास्तर म्हणाले आणि धाकट्याने एका शनिवारी दुपारी बुजवून टाकली. गवंड्याचा मुलगा, स्वतः गवंडी, भोकं कशासाठी असतात हे त्याला शिकवावं लागत नव्हतं. पण थोरल्या भावापुढे त्याने उभ्या आयुष्यात 'का' हा शब्द उच्चारला नव्हता.

आणि सिस्टर? त्या संध्याकाळी दवाखान्यातून परतताना चर्चच्या आवारात त्यांना भिंतीच्या पायाशी ओल्या गिलाव्याचे डाग दिसले होते. उभ्या राहून त्यांनी ते मोजले. अकरा भरले. बारावा दिसेना, कारण तिथे शिळा उभी राहिली होती. मग घरी जाऊन त्यांनी चहा केला. सणासमारंभाच्या तोंडावर कशाला विषय, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं, आणि त्या 'तेव्हा'ला नऊ वर्षं झाली.

पुढल्याच पावसात गल्ली तुंबली. दोन वर्षांत विहीर आटली. हेडमास्तरांना हे कळत नसेल असं सिस्टरांना कधीच वाटलं नाही. तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. पण कळतं पण वळत नाही, तशातली गत. अशा वेळी माणसाला दुसरं कोणीतरी लागतं, आणि लाँड्रीवाली भिंतीला लागूनच राहत होती. त्यांनी आधी तिच्याशी बोलणं सोडलं, मग तिच्याविरुद्ध लिहिलं. आणि दर रविवारी विहिरीसाठी प्रार्थना केली. देवाने ऐकलं नसेल असं नाही. वाटेत गिलावा होता.

"आत्या," ओळंबा म्हणाली, "तू तर जन्मापासून या गल्लीत आहेस. तुला आठवतं का काही?"

सिस्टरांनी धाकट्याकडे पाहिलं. त्याने मांडीवरचे हात टेबलावर आणले होते. चुन्या-सिमेंटने नखं फुटलेले ते हात. मुलगी आपल्याला काय समजते हे त्या हातांच्या मालकाला चांगलं ठाऊक होतं. कॉलेजात तिने निबंध लिहिला होता, माझे बाबा कधी वाकडं बांधत नाहीत म्हणून. आत्ता बोललं तर भाऊ जातो आणि मुलीच्या नजरेतून स्वतःही जातो. गप्प बसलं तर सात घरं जातात. सिस्टरांच्या मनात आलं, आपणच बोलून टाकावं, याला वाचवावं. पण काही गळवं ज्याची त्यानेच दाखवावी लागतात.

"भोकं होती," धाकटा म्हणाला.

"काय?"

"भिंतीत. बारा. तुझ्या आजोबांनी ठेवलेली. पाणी त्यातून आत यायचं." त्याने ताट बाजूला सारलं. "मी बुजवली."

ओळंबा बापाकडे बघत राहिली. "तुम्ही? तुम्हाला माहीत असून?"

"माहीत असून."

"का?"

तो शब्द अखेर त्या घरात उच्चारला गेला. धाकट्याने भावाचं नाव घेतलं नाही. हे मात्र हेडमास्तरांना सोसवलं नाही.

"मी सांगितलं म्हणून," ते म्हणाले. आवाज वर्गातला होता, पण वर्ग रिकामा असल्यासारखा. "उगाच त्याला बोल लावू नकोस."

"आणि तुम्हाला मी सांगितलं," वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. भांडं अजून हातातच होतं. "फेस येतो, पोरं रविवारच्या वर्गाला येतात, पाय घसरतात. मीच मागे लागले होते महिनाभर."

"तू आत जा."

"नाही जात. नऊ वर्षं आतच आहे."

लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाल्यावर वहिनींनी पहिल्यांदा नवऱ्याची बाजू सोडली होती, आणि तीही त्याचीच चूक वाटून घ्यायला. सिस्टरांना हसू आलं. मग त्यांनीही आपलं सांगून टाकलं, ते अकरा ओले डाग आणि तो चहा. सांगून झाल्यावर त्यांना बरं वाटलं नाही. नुसतं हलकं वाटलं, ताप उतरल्यावर वाटतं तसं.

ओळंबाने गुंडाळी उचलून उलगडली, नकाशावर भिंतीची रेघ शोधली आणि पेन्सिलीने तिच्या पायाशी बारा ठिपके दिले. "भिंत पाडायची गरज नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "अरे देवा. पाडायची गरजच नाही. भोकं उघडायची आणि फरशी काढायची, बस्स." मग मान वर करून काकांकडे बघितलं. "पण हे सभेत सांगावं लागेल, काका. भोकं का बंद होती ते. आणि तक्रार मागे घ्यावी लागेल. नाहीतर फाइलचं पहिलं पान तसंच राहील."

हेडमास्तर उठले, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. ताटात भात तसाच होता. वहिनींनी त्यावर झाकण ठेवलं.

"येतील का सभेला?" धाकट्याने विचारलं.

"अध्यक्ष आहेत," सिस्टर म्हणाल्या. "यावंच लागेल. बोलतील का ते विचार."

चारला पाच कमी असताना ते आले. बटण लावलेलं, हातात एक कागद. सभेला गल्लीतले लोकही बोलावले होते. ते मागच्या बाकांवर संकोचून बसले होते. लाँड्रीवाली दाराशी उभी होती, बाह्या दुमडलेल्या, दंडावर इस्त्रीचा जुना चटका. मंडळीची नसूनही दर शनिवारी ती वेदीचं कापड धुऊन, इस्त्री करून पाठवत असे. पूर्वी तिच्या सासूने पाठवलं, मग तिने. तक्रार गेल्यावरही तिने त्यात खंड पडू दिला नव्हता, आणि हेडमास्तरांनी कापड परत केलं नव्हतं.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि दुखरा गुडघा सांभाळत खाली बसले. हेडमास्तरांनी कागद उघडला. ते स्वतःच्या प्रत्येक पत्राची प्रत ठेवत असत.

"हे पत्र मी पालिकेला दिलं होतं," ते म्हणाले. "तिसरं वाक्य वाचतो. 'सदर बाईंच्या धंद्यातील साबणाच्या गाळामुळे गटार तुंबून गल्लीत पाणी साचते.'" खिशातून त्यांनी लाल पेन काढलं आणि उभ्याउभ्याच त्या वाक्यावर रेघ मारली. "हे चूक आहे. आमच्या वडिलांनी भिंतीत पाण्यासाठी बारा भोकं ठेवली होती. ती मी बुजवायला लावली. त्यामुळे पाणी साचतं. पत्र लिहिताना मला हे माहीत होतं. फरशी काढावी आणि भोकं उघडावीत, असा मी ठराव मांडतो. ठराव झाल्यावर अध्यक्षपद सोडतो."

एवढंच बोलून ते बसले. त्यांनी दाराकडे एकदाही पाहिलं नव्हतं, जे काही बोलायचं ते समोरच्या हवेला सांगितलं होतं. मागच्या बाकांवर कुजबूज झाली आणि थांबली. सगळे लाँड्रीवालीकडे वळून बघू लागले.

"नऊ वर्षं मी पावसाळ्यात कपडे माळ्यावर टांगतेय, सर," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "सासू खाली ओलीतच झोपायची, तशीच वारली. तुम्ही चूक म्हणालात, ठीक आहे. आधी भोकं उघडा. बाकीचं मग बघू."

हात वर झाले. कोणाचाही खाली राहिला नाही, एका जुन्या पंचांचा सोडून, आणि त्यांना झोप लागली होती.

धाकटा छिन्नी-हातोडा घेऊनच आला होता. मोजायला टेप लागली नाही. गिलाव्यावरून हात फिरवत तो जाई, थांबे आणि ठोके घाली. आपण जिथे लपवलं ते माणूस विसरत नाही. मुलगी त्याच्यामागे घमेलं घेऊन चालत होती. पहिल्या तीन भोकांपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. चौथ्याला म्हणाली, "बाबा, छिन्नी जरा तिरकी धरा, कडा तुटतायत." तो म्हणाला, "तू शिकव आता मला." सिस्टरांनी ते ऐकलं आणि त्यांना बरं वाटलं.

अकरा झाली. फाटकाशी येऊन धाकटा थांबला. समोर बाबांच्या नावाची शिळा होती.

"हे राहू दे, दादा," तो म्हणाला. "अकरा पुष्कळ झाली."

हेडमास्तर कोटात, रविवारच्या बुटांत, फरशीवर उभे होते. त्यांनी पुतणीला विचारलं, "पुरतील?"

ओळंबा शिळेकडे बघत होती. "चालेल, काका," ती म्हणाली. "भागेल त्यात."

"तुला ओळंबा उगाच म्हणतात का? खरं सांग."

"नाही भागणार," ती हळू म्हणाली. "उतार इकडेच आहे. निम्मं पाणी इथेच येतं."

"आण तो हातोडा."

त्यांना हातोडा धरता येत नव्हता. गवंड्याचा मोठा मुलगा असून शाळेत घातला गेला तो तिथलाच झाला. पहिला ठोका फरशीवर गेला, दुसरा बोटावर. तिसऱ्यानंतर धाकट्याने न बोलता छिन्नी धरली आणि हेडमास्तर घाव घालत राहिले. शिळा सुटली तेव्हा दोघांनी मिळून ती सरकवत नेली आणि कोरड्या विहिरीच्या कठड्याला टेकवली, नाव बाहेरच्या बाजूला करून. भिंतीच्या पायाशी शेवटचं भोक दिसत होतं, मातीने आणि दगडांनी गच्च भरलेलं. धाकट्याने पहारीने ते मोकळं केलं.

"हे कुठलं गं?" हेडमास्तरांनी बहिणीला विचारलं.

"शेवटचं, दादा. नेहमी तुंबायचं ते."

"हं," ते म्हणाले. "म्हणजे माझंच."

वहिनी म्हणाल्या, "बघा तरी पाणी येतंय का." भिंतीपलीकडे लाँड्रीवालीने मोठं घंगाळ उचलल्याचा आवाज झाला, मग पाणी ओतल्याचा. काही वेळ काहीच आलं नाही. मग काळा पाचोळा आला, मागून गढूळ पाणी, त्यावर साबणाचा पांढरा फेस. ते फरशीवर पसरलं आणि हेडमास्तरांच्या बुटांत शिरलं.

"अहो, बूट!" वहिनी ओरडल्या.

ते हलले नाहीत. भिंतीपलीकडून आवाज आला, "आलं का?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकट्याने तोंड उघडलं, पण सिस्टरांनी त्याचा दंड धरला. हेडमास्तरांनी भिंतीला हात टेकला, एक गुडघा पाण्यात ठेवला, मग दुसरा, आणि कोट सावरत इतके खाली वाकले की त्यांचं तोंड त्या भोकासमोर आलं. नऊ वर्षांत त्यांनी तिला उद्देशून एक अक्षर उच्चारलं नव्हतं.

"आलं, बाई," त्यांनी भोकातून हाक दिली. "आलं. अजून ओता."